चॉकलेट कशास म्हणावे?

मराठी घरांत ‘चॉकलेट’ हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. लिमलेटची गोळी, दुधाची टॉफी, पेपरमिंटची चकती, चिंचेची गोळी, जे जे म्हणून कागदात गुंडाळलेले आणि गोड, ते ते मुलांच्या लेखी चॉकलेट. पाहुणे ‘मुलांना चॉकलेट आणले आहे’ असे म्हणतात, आणि पुडी सोडली म्हणजे तिच्यातून कोकोचा कणही नसलेल्या संत्र्याच्या गोळ्या निघतात. कोणालाही फसल्यासारखे वाटत नाही. कारण बोलण्यातला शब्द बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या समजुतीवर चालतो.

हाच शब्द कारखान्यातून निघालेल्या वेष्टनावर छापला गेला म्हणजे मात्र त्याचे स्वरूप पालटते. छापणारा आणि वाचणारा एकमेकांस ओळखत नाहीत. वडीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही खात्रीने सांगता येत नाही. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ कोणीतरी निश्चित करून द्यावा लागतो. भारतात तो कायद्याने निश्चित केलेला आहे. त्यामागे कोणते रसायनशास्त्र आहे, जगात त्यावरून कोणते वाद झाले, आणि जबलपूरच्या बाजारात एखादी वडी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग कितपत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नावामागची मोजमापे

खाद्यपदार्थांतील भेसळीचा शास्त्रशुद्ध तपास प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला तो इंग्लंडात, १९ व्या शतकाच्या मध्यास. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लंडनच्या बाजारातील पदार्थ तपासले आणि त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने १८५१ पासून क्रमशः प्रसिद्ध केले. कोको व चॉकलेट यांच्या नमुन्यांत बटाट्याचे व धान्यांचे पिष्ट, तसेच रंगासाठी मिसळलेली लाल माती आढळून आली. साप्ताहिकाने विक्रेत्यांची नावे व पत्तेही छापल्यामुळे मोठीच खळबळ उडाली, आणि पुढे १८६० व १८७५ या वर्षी पार्लमेंटला त्याविषयी कायदे करावे लागले.

आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वी या बाबतीत प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे होते. त्यांच्या जागी सर्व देशासाठी एकच असा खाद्यपदार्थ भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संमत झाला व १ जून १९५५ पासून अमलात आला. अर्धशतकाने त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. या नव्या कायद्याखालील नियम व विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. मिठाई व गोड पदार्थ यांच्या प्रकरणात चॉकलेटला तेथे स्वतंत्र कलम आहे.

या कलमाची रचना समजण्यासाठी कोकोच्या बीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोकोचे बी आंबवून, वाळवून, भाजून, साल काढून दळले असता जो लगदा होतो, त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थाचा असतो. या स्निग्ध पदार्थाला कोकोचे लोणी म्हणतात. दाबयंत्राने लोणी पिळून काढले म्हणजे जी पेंड उरते, तिचीच कोको पूड होते. ही युक्ती नेदरलँड्समधील फान हाउटेन यांच्या कारखान्यात १८२८ च्या सुमारास साधली. म्हणजे कोकोच्या बियांतून दोन वस्तू निघतात. एक लोणी, जे फिकट पिवळे व जवळजवळ बेचव असते. आणि दुसरी स्निग्धांशरहित घन भाग, ज्यात चॉकलेटचा रंग, कडवटपणा व वास वसतो.

२०११ च्या विनियमांनी या दोहोंची स्वतंत्र मापे घालून दिली. चॉकलेटात एकूण स्निग्धांश वजनाच्या २५ टक्क्यांहून कमी असता कामा नये. साध्या, म्हणजे बिनदुधाच्या चॉकलेटात स्निग्धांशरहित कोको किमान १२ टक्के हवा. दूध चॉकलेटात हेच प्रमाण किमान २.५ टक्के आहे. मात्र त्यात दुधाचे स्निग्धांशरहित घन पदार्थ १०.५ टक्के व दुधाची चरबी २ टक्के असलीच पाहिजे. हिशेब केला तर ५० ग्रॅमच्या साध्या चॉकलेटच्या वडीत असा कोको किमान ६ ग्रॅम येतो; तेवढ्याच वजनाच्या दूध चॉकलेटात तो सव्वा ग्रॅम असला तरी कायद्याची अट पुरी होते. दोन्ही वड्यांना चॉकलेट म्हणण्याचा अधिकार सारखाच; परंतु ‘दूध’ या एका विशेषणाने आतली मापे एवढी बदलतात.

काजू, बदाम, मनुका घातलेल्या चॉकलेटात वजनाने किमान ६० टक्के भाग चॉकलेटचा असावा लागतो. आत निराळे सारण व वर चॉकलेटचे कवच अशा प्रकारात कवचाचा वाटा एकंदर वजनाच्या २५ टक्क्यांहून कमी चालत नाही. पांढऱ्या चॉकलेटची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. त्यात कोकोचे लोणी, दूध व साखर असते. कोकोचा घन भाग मुळीच नसतो. अन्न कायदा त्याला चॉकलेट मानतो. परंतु आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाच्या वर्गवारीसाठी जी नामावली वापरतात, आणि जिच्या आधारे आपल्याकडेही कर आकारला जातो, तिच्यात कोकोयुक्त चॉकलेट १८०६ या शीर्षकाखाली आणि पांढरे चॉकलेट १७०४ या शीर्षकाखाली, म्हणजे साखरेच्या मिठाईत मोडते. एकच वडी एका कायद्यात चॉकलेट ठरते आणि दुसऱ्यात साखरेची मिठाई. त्यात विसंगती आहे असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक कायदा आपापल्या प्रयोजनापुरता शब्दाचा अर्थ बांधून घेतो, एवढेच त्यातून दिसते.

कोकोचे लोणी आणि वैशाखातले ऊन

वरील मोजमापांत ज्यावरून सर्वाधिक वाद झाले, ती गोष्ट म्हणजे कोकोचे लोणी. त्याचे कारण त्याच्या वितळण्यात आहे. कोकोचे लोणी नेहमीच्या तपमानाला कठीण असते, चटकन तुटते, आणि ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान एकदम वितळते. माणसाच्या तोंडातील उष्णता याहून किंचित अधिक असते. चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते व क्षणभर थंडावा वाटतो, त्याचे रहस्य हेच. वितळण्यासाठी लागणारी उष्णता ते जिभेपासूनच घेते.

हा गुण येतो कोठून? कोणताही स्निग्ध पदार्थ म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन स्निग्धाम्ले जोडून झालेल्या रेणूंचे मिश्रण. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात अशा रेणूंचे अनेक प्रकार एकत्र नांदतात. कोकोच्या लोण्यात मुख्यतः तीनच प्रकार असतात, आणि त्या तिन्हींत मधले स्थान ओलेइक अम्लाचे, तर दोन्ही बाजूंची स्थाने पामिटिक किंवा स्टिअरिक अम्लाची असतात. रेणू सारख्या घडणीचे असल्यामुळे ते नीट रचले जातात व एकाच सुमारास सुटे होतात. त्यांची स्फटिकरचना सहा प्रकारांनी होऊ शकते. त्यांपैकी पाचवा प्रकार कारखानदाराला हवा असतो. वडी एकदा वितळून पुन्हा आपोआप गोठली, किंवा फार दिवस उबेत राहिली, तर ही घडी विसकटते आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नव्हे. ते कोकोच्या लोण्याचेच स्फटिक असतात. अशी वडी बेचव लागेल, परंतु अपायकारक नसते.

आता जबलपूरच्या वैशाख-ज्येष्ठाचा विचार करावा. मे महिन्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. सदर बाजारातील, गोरखपूरमधील किंवा एखाद्या खेड्याच्या बसथांब्यावरील दुकानात शीतकपाट नसेल, तर खरे चॉकलेट तेथे टिकणे शक्य नाही. तरीही भर उन्हाळ्यात काचेच्या बरणीत तपकिरी वड्या खणखणीत उभ्या दिसतात. याचा उलगडा सोपा आहे. त्या वड्यांत कोकोच्या लोण्याऐवजी अधिक तपमानाला वितळणारे दुसरे स्निग्ध पदार्थ, बहुधा पाम-गराच्या तेलावर हायड्रोजनाची प्रक्रिया करून घट्ट केलेली चरबी, आणि जोडीला थोडी कोको पूड असते. व्यापारात अशा मिश्रणाला ‘कंपाउंड’ म्हणतात. पाम-गराची चरबी कोकोच्या लोण्याशी मिसळत नाही, दोन्ही मिळून मऊ पडतात. म्हणून कारखानदार अशा मिश्रणात लोणी काढून घेतलेली पूडच वापरतो.

असा पदार्थ बनविणे हा गुन्हा नाही. उष्ण देशात त्याला गिऱ्हाईक आहे व तो स्वस्तही पडतो. कायद्याचे म्हणणे इतकेच की, त्याला चॉकलेट म्हणू नये. यास्तव वेष्टनावर ‘चोको’, ‘चॉकलेटी’, ‘चॉकलेटच्या स्वादाचे’, ‘चोको लेप’ अशी नावे दिसतात. मराठीत ‘चॉकलेट’ आणि ‘चॉकलेटी’ यांत एका ईकाराचा फरक. चॉकलेटी हा तर आपल्याकडे साडीचाही रंग असतो. वेष्टनावर मात्र त्या ईकारात पदार्थाचा सारा पालट सामावलेला असू शकतो, हे वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सालवनातले बी

कोकोच्या लोण्याला पर्याय म्हणून सगळेच स्निग्ध पदार्थ पाम-गरासारखे परके नसतात. काही थोड्या वनस्पतींच्या बियांत जवळजवळ त्याच घडणीचे रेणू निसर्गतःच आढळतात. त्यांपैकी एक वृक्ष जबलपूरकरांच्या शेजारचा आहे.

जबलपूरहून आग्नेयेस मंडल्याच्या रस्त्याला लागले म्हणजे सागाची वने मागे पडून पुढे सालाची वने सुरू होतात. मंडला, डिंडोरी व बालाघाट या जिल्ह्यांत, कान्हाच्या परिसरात व अमरकंटकच्या बाजूला हा वृक्ष विपुल आहे; तेथील लोक त्याला ‘सरई’ म्हणतात. त्याचे पंखयुक्त फळ पावसाळ्याच्या तोंडाशी गळते. गोंड व बैगा कुटुंबे, विशेषतः बायका व मुले, ते वेचून आणतात, पंख जाळून काढतात व बी फोडून विकतात. वेळ फार थोडा असतो. पाऊस पडला की बी रुजते किंवा कुजते, व त्यातील चरबी खवट होते. मध्य प्रदेशात १९७० च्या दशकात सालबियांचा व्यापार राज्य सरकारने आपल्या हाती घेतला. अशा गौण वनोपजांचा अभ्यास करणाऱ्या दोन संस्था, राज्य वन संशोधन संस्था आणि उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, जबलपुरातच आहेत.

सालबियांच्या चरबीत स्टिअरिक व ओलेइक ही दोन अम्ले प्रमुख असतात व त्यांची मांडणी कोकोच्या लोण्याच्या धर्तीवर असते. नीट शुद्ध केलेली ही चरबी कोकोच्या लोण्यात मिसळली तर दोहोंची स्फटिकरचना एकमेकींत सामावते. कोकणातल्या कोकमाच्या बियांची चरबी या बाबतीत आणखी पुढे जाते. आमसुले करताना बाजूला पडणाऱ्या बियांपासून निघणारे व थंडीत टाचांच्या भेगांना लावले जाणारे हे कोकमतेल सुमारे ४० अंशांना वितळते. थोड्या प्रमाणात मिसळले असता चॉकलेटला उन्हाळा सोसण्याचे बळ त्यामुळे मिळते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत साल, कोकम व आंब्याची कोय यांच्या चरबीवर या दृष्टीने पुष्कळ संशोधन झाले आहे.

या चरब्यांचे कोकोच्या लोण्याशी असलेले साम्य जितके उपयोगाचे तितकेच घोटाळ्याचेही आहे. पाम-गराची चरबी घातलेली वडी अनुभवी जिभेला ओळखू येते. ती तोंडात मेणासारखी रेंगाळते. सालाची चरबी पाच टक्के घातली तर ती ओळखणे जिभेच्या शक्तीबाहेरचे आहे. प्रयोगशाळेत वायुवर्णलेखनाच्या पद्धतीने निरनिराळ्या वजनांचे रेणू वेगळे करून त्यांचे परस्परप्रमाण पाहावे लागते. तात्पर्य, गिऱ्हाइकाला ही गोष्ट कळावयाची तर ती वेष्टनावरच्या अक्षरांतूनच कळू शकते.

युरोपातला वाद

नेमक्या याच प्रश्नावर युरोपात जवळजवळ ३० वर्षे वाद चालला. १९७३ साली ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क ही राष्ट्रे युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाली. ब्रिटनमध्ये चॉकलेटात थोडी इतर वनस्पतिजन्य चरबी घालण्याचा परिपाठ होता. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन आदी राष्ट्रांत केवळ कोकोचे लोणीच मान्य होते. त्याच वर्षीच्या चॉकलेटविषयक निर्देशाने हा मतभेद मिटविला नाही. ज्याची जी रीत ती त्याने आपल्या घरी चालवावी, अशी तडजोड केली. पण माल सीमा ओलांडू लागला तेव्हा प्रश्न उभा राहिला. इटली व स्पेन यांनी ब्रिटिश चॉकलेट ‘चॉकलेटचा पर्याय’ या नावानेच विकले पाहिजे, असा आग्रह धरला. वर्तमानपत्रांनी या भांडणाला ‘चॉकलेट युद्ध’ असे नाव दिले.

अखेर २३ जून २००० रोजी नवा निर्देश संमत झाला. त्यानुसार कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त सहाच प्रकारची वनस्पतिजन्य चरबी, आणि तीही तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंतच, चालते. ती सहा नावे वाचताना मराठी वाचकाला नवल वाटेल: बोर्निओतील इलिपे, पाम तेल, आफ्रिकेतील शीआ, आणि त्यांच्या जोडीला साल, कोकम व आंब्याची कोय. सहांपैकी तीन झाडे आपल्या परिचयाची आहेत. कोकोची किमान मात्रा मात्र या सवलतीमुळे कमी करता येत नाही. शिवाय अशा प्रत्येक वेष्टनावर ‘कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त वनस्पतिजन्य चरबी आहे’ हे वाक्य, घटकांच्या यादीच्या शेजारी परंतु तिच्यापासून वेगळे, ठळक व यादीच्या अक्षरांहून लहान नसलेल्या अक्षरांत छापणे बंधनकारक झाले.

१६ जानेवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने इटली व स्पेन यांच्या विरुद्ध निर्णय दिला. न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी की, थोड्या परक्या चरबीमुळे पदार्थाचे मूळ स्वरूप पालटत नाही, आणि गिऱ्हाइकाला खरी माहिती वेष्टनावरील स्पष्ट विधानाने देता येते. त्यासाठी त्याचे नाव हिरावून घेण्याची आवश्यकता नाही. २०१० साली इटलीने ‘शुद्ध चॉकलेट’ असा वेगळा शिक्का चालविण्याचा केलेला प्रयत्नही याच न्यायालयाने अमान्य केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मात्र हा मार्ग पत्करला नाही.

भारताची स्थिती या काळात मोठी विलक्षण होती. २०११ च्या विनियमांत कोकोच्या लोण्याखेरीज अन्य वनस्पतिजन्य चरबी चॉकलेटात असू नये, असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे सालवनातल्या बियांची चरबी परदेशी जाऊन तेथील चॉकलेटात सन्मानाने बसू शकत होती. तीच चरबी घालून भारतात बनविलेल्या वडीला चॉकलेट हे नाव मिळत नव्हते. २०१६ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ५ टक्क्यांची मर्यादा आणि वेष्टनावर तशाच आशयाचे ठळक विधान, या दोन अटींवर ही बंदी सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. नाव राखून ठेवावे, की नाव देऊन आतली गोष्ट उघड सांगावी, हे दोन पक्ष त्यातून आमनेसामने येतात. वनोपज वेचणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा पक्ष हिताचा वाटतो. परंतु तो पक्ष एका गृहीतावर उभा आहे, ते असे की वेष्टनावर छापलेले गिऱ्हाईक वाचते व त्याला ते समजते.

वेष्टन कसे वाचावे

१ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या लेबल व प्रदर्शनविषयक विनियमांनी, जे २०२० साली प्रसिद्ध झाले होते, वेष्टनावरील मजकूर बराच सविस्तर ठरवून दिला आहे. पदार्थाचे नाव; घटकांची यादी; पोषणमूल्ये; शाकाहारी असल्यास हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ व मांसाहारी असल्यास तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण; प्राधिकरणाचे चिन्ह व १४ आकडी परवाना क्रमांक; उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख; ज्यांची काहींना वावडी असते असे दूध, सोयाबीन, गहू, काजू-बदाम यांसारखे घटक; एवढे सर्व त्यात येते. पूर्वी मांसाहाराची खूणही वर्तुळाचीच असे. रंगांधळ्या माणसाला दोन वर्तुळांतला भेद कळत नाही, म्हणून ती त्रिकोणात बदलण्यात आली. निव्वळ वजन व सर्व करांसह कमाल किंमत यांविषयी वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम निराळे आहेत.

यांतील घटकांच्या यादीचे वाचन शिकून घेण्यासारखे आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव साखरेचे असेल, तर त्या वडीत साखरेहून अधिक दुसरे काहीही नाही. नंतर ‘कोकोचे लोणी’ असे शब्द आहेत की ‘वनस्पती चरबी’ असे आहेत, ते पाहावे. पुढे काही आकडे येतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनचे असते. ४७६ हा पदार्थ एरंडेलातील रिसिनोलेइक अम्लापासून बनतो. त्यामुळे वितळलेले चॉकलेट साच्यात सहज वाहते. आकडा पाहून भिण्याचे कारण नाही आणि दुर्लक्ष करण्याचेही नाही. तो परवानगी मिळालेल्या पदार्थाचा संक्षेप आहे.

‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही ओळ बहुतेक जण डोळ्यांआड करतात. २००३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात एका विख्यात कंपनीच्या चॉकलेटांत अळ्या आढळल्या व राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. दोष दुकानदाराच्या साठवणीचा की वेष्टनाच्या सैलपणाचा, यावर मोठा वाद झाला. नंतर कंपनीने अधिक घट्ट बंद होणारे वेष्टन आणले. त्या एका ओळीत उत्पादकाची जबाबदारी कोठे संपते व विक्रेत्याची कोठे सुरू होते, याची सीमारेषा आखलेली असते.

बरणीतली लहान वडी

एवढी तरतूद असूनही कायद्यात एक फट राहते, आणि ती नेमकी सर्वांत लहान गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते. ज्या वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक नाही, त्यावर घटकांची यादी व पोषणमूल्ये न छापण्याची सवलत आहे. ही माहिती अनेक वड्या एकत्र भरलेल्या मोठ्या खोक्यावर असली म्हणजे पुरते. १० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या पुड्यांना मापनशास्त्राच्या नियमांतूनही सूट आहे. सवलतीमागचे कारण समजण्याजोगे आहे. एवढ्याशा कागदावर एवढा मजकूर वाचता येईल अशा अक्षरांत मावत नाही. परंतु परिणाम असा होतो की, मोठी वडी घेणाऱ्या सुखवस्तू गिऱ्हाइकाला सारी माहिती हातात मिळते, आणि शाळेच्या फाटकासमोर एका-दोन रुपयांची वडी घेणाऱ्या मुलाची माहिती दुकानदाराच्या फळीखालच्या खोक्यावर राहते, किंवा माल बरणीत ओतल्यावर त्या खोक्याबरोबर रद्दीत जाते. वनस्पती चरबीच्या वड्या बहुतांशी याच आकाराच्या असतात, हे येथे विसरता येत नाही. शेंगदाणा किंवा दूध न सोसणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हा प्रश्न चवीचा राहत नाही.

भाषेचा अडसर याच्या भरीला आहे. कायद्याने आवश्यक ठरविलेला मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असला म्हणजे पुरतो. अन्य भाषा जोडीला वापरण्यास आडकाठी नाही. उत्पादक बहुधा इंग्रजीच पसंत करतात. जबलपुरात घरी मराठी, बाजारात हिंदी व वेष्टनावर इंग्रजी अशी तीन भाषांची वाटचाल रोजचीच. पण मंडल्याच्या बाजारात बी विकून त्या पैशांत मुलासाठी वडी घेणाऱ्या बाईला ती तिसरी पायरी चढता येत नाही. मानकांचे भाषांतर करताना ‘व्हेजिटेबल फॅट’ला वनस्पतिजन्य वसा म्हणावे, चरबी म्हणावे की वनस्पती तूप, असा प्रश्न अनुवादकापुढे येतो. ‘वसा’ शास्त्रशुद्ध, पण बाजारात कोणी जाणत नाही. ‘चरबी’ म्हटले की प्राण्यांची चरबी डोळ्यांसमोर येते. ‘तूप’ म्हटले तर दुधाचा भास होतो. या लेखात चरबी हा शब्द योजला आहे तो सर्वांना कळतो म्हणून. वेष्टनावर मात्र ज्या बियांची ती चरबी असेल त्या झाडाचे नाव लिहिणे हाच सर्वांत सरळ उपाय होय. युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरापासून घटकांच्या यादीत तेला-चरबीचे मूळ झाड सांगणे आवश्यक आहे. ‘सालबियांची चरबी’ असे शब्द आपल्या वेष्टनांवर आले तर खाणाऱ्याला पदार्थ कळेल आणि वेचणाऱ्याचे श्रमही एका शब्दापुरते तरी नोंदले जातील.

गिऱ्हाइकाच्या हाती काय आहे

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. वेष्टनावरील मजकूर खोटा अथवा दिशाभूल करणारा असेल, तर कायद्याच्या भाषेत तो माल ‘मिथ्याछाप’ ठरतो व त्याबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; माल ठरलेल्या मानकाहून हलका निघाल्यास दंडाची मर्यादा ५ लाखांपर्यंत जाते. हे काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे खरे. तथापि कायद्याच्या ४० व्या कलमाने साध्या गिऱ्हाइकालाही एक अधिकार दिला आहे. ‘हा पदार्थ मी तपासून घेणार आहे’ असे विकत घेतेवेळी विक्रेत्यास कळवून तो अन्न विश्लेषकाकडे ठरलेली फी भरून देता येतो, आणि १४ दिवसांच्या आत अहवाल मिळतो. माल कायद्याविरुद्ध आढळला तर भरलेली फी परत मिळते. या अधिकाराची वार्ता फार थोड्यांना आहे.

दुसरी गोष्ट याहून सोपी व बिनखर्चाची. बरणीतली वडी घेताना दुकानदाराकडे तिचे मूळ खोके दाखवावयास मागावे. त्यावर नाव काय आहे, चॉकलेट की चॉकलेटी. पहिला घटक कोणता. लोणी आहे की चरबी. वावड्याच्या पदार्थांची सूचना आहे की नाही, हे चार प्रश्न वाचून पाहावयास दोन मिनिटे पुरतात. शाळांतून मुलांना हे वाचन शिकविता येईल. एखाद्या वर्गाने आपल्या आवडीच्या दहा वड्यांची खोकी मिळवून त्यांचा असा तक्ता केला, तर रसायन, भाषा व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा तो एक उत्तम पाठ होईल. आणि दुकानदारांनाही खोकी जपून ठेवण्याची सवय लागेल.